ड्यूझेनबर्ग मोटारगाड्या

ड्यूझेनबर्ग : आलिशान मोटारगाड्या बनविणारा अमेरिकेतील एक जुना कारखाना व त्याच्या गाड्यांचे नाव. फ्रेडरिक (१८७६–१९३२) व ऑगस्ट (१८७९–१९५५) या जर्मन वंशाच्या ड्यूझेनबर्ग बंधूंनी तो उभारला. इंडियाना राज्यातील इंडियानापोलिस येथे १९२० मध्ये सुरू झालेला हा कारखाना १९३७ मध्ये बंद पडला. या सतरा वर्षांत तेथे तयार झालेल्या प्रवासी गाड्यांची संख्या बाराशेच्या आतबाहेर आहे. त्याच काळात फोर्ड कारखान्यातून एका दिवसात याच्या कित्येक पट गाड्या बाहेर पडत. असे असूनही दोन महायुद्धांमधील अमेरिकी ऐश्वर्याचे प्रतीक म्हणून ज्या मोजक्या वस्तूंची नावे घेतली जातात, त्यांत ड्यूझेनबर्ग अग्रभागी आहे. इंदूरचे संस्थानिक यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी या कारखान्याची एक गाडी खास बांधवून घेतली होती. त्यामुळे मराठी राजघराण्यांच्या इतिहासाशीही या नावाचा संबंध पोहोचतो.

ड्यूझेनबर्ग कुटुंब मूळचे जर्मनीतील लिपे या लहानशा संस्थानातील. वडिलांच्या निधनानंतर १८८५ मध्ये आई मुलांना घेऊन अमेरिकेतील आयोवा राज्यात आली. आयोवा हा शेतीचा मुलूख. फ्रेडरिकने तेथे यंत्रदुरुस्तीची कामे केली, १८९० नंतरच्या सायकलींच्या लाटेत सायकली बनविल्या व शर्यतींतही भाग घेतला. विद्यापीठीय शिक्षण दोघांपैकी कोणाचेही झाले नव्हते. हाताने करून पाहणे, बिघडले म्हणजे खोलून पाहणे आणि शर्यतीत कसास लावणे, हीच त्यांची शाळा होय. दे मॉइन येथील मेसन या वकिलाच्या भांडवलावर १९०६ मध्ये त्यांनी पहिला मोटार व्यवसाय सुरू केला. कपडे धुण्याच्या यंत्रांमुळे पुढे प्रसिद्धीस आलेला मेटॅग हा उद्योजकही काही काळ त्यात भागीदार होता. भांडवलदाराने नाव व पैसा द्यावा आणि बंधूंनी यंत्र करावे, हा क्रम येथून सुरू झाला तो अखेरपर्यंत चालू राहिला. आपल्याच नावाच्या कारखान्याची मालकी बंधूंकडे फार थोडा काळ होती.

स्वतःच्या नावाची संस्था त्यांनी १९१३ मध्ये मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल येथे काढली व शर्यतीच्या गाड्या आणि एंजिने यांवर भर दिला. १९१४ च्या इंडियानापोलिस येथील पाचशे मैलांच्या शर्यतीत त्यांच्या गाडीने दहावा क्रमांक मिळविला. ती चालविणारा एडी रिकेनबॅकर पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकेचा नामांकित वैमानिक म्हणून गाजला. युद्धकाळात न्यू जर्सी राज्यातील एलिझाबेथ येथे मोठा कारखाना उभारून बंधूंनी विमानांची एंजिने बनविण्याचे काम घेतले. त्यांत बूगाटी या युरोपीय यंत्रज्ञाने आखलेले सोळा सिलिंडरांचे एंजिन होते. त्याचे उत्पादन नीट सुरू होते न होते तोच युद्ध संपले व मागणीही संपली. तथापि एका ओळीत आठ सिलिंडर मांडण्याची रचना व सिलिंडरांच्या माथ्यावर बसविलेला कॅम दंड यांचा या कामातून मिळालेला अनुभव वाया गेला नाही.

शर्यतीतील यश : ड्यूझेनबर्ग गाड्यांचे आकर्षण शर्यतींवर उभे आहे. श्रीमंतांच्या गाड्या त्या काळी वजनदार, शांत व काहीशा सुस्त असत. वेगाच्या गाड्या खडखडाट करणाऱ्या व उघड्या असत. हे दोन्ही गुण एकाच यंत्रात आणण्याचा विचार शर्यतीच्या मैदानावर वाढलेल्या माणसांनाच सुचण्यासारखा होता. एप्रिल १९२० मध्ये फ्लॉरिडातील डेटोना येथे टॉमी मिल्टन याने दोन एंजिने जोडलेली ड्यूझेनबर्ग गाडी ताशी १५६ मैलांच्या (सु. २५१ किमी.) वेगाने चालविली. जुलै १९२१ मध्ये फ्रान्समधील ल मां येथील ग्रां प्री शर्यतीत जिमी मर्फी याने पहिला क्रमांक पटकाविला. सरावातील अपघातामुळे त्याच्या बरगड्यांना पट्टे बांधलेले होते, रस्त्यावरील दगड लागून गाडीचा रेडिएटर फुटला होता आणि शेवटच्या टप्प्यात एका चाकातील हवाही गेली होती. अमेरिकी गाडीने युरोपातील ग्रां प्री शर्यत जिंकण्याचा हा पहिला प्रसंग. असा दुसरा प्रसंग येण्यास १९६७ साल उजाडावे लागले. या विजयाचे एक कारण मर्फीच्या गाडीचे गतिरोधक (ब्रेक) हे होते. चारही चाकांना द्रवाच्या दाबाने लागणारे गतिरोधक तिला बसविलेले होते. त्यामुळे वळणावर प्रतिस्पर्ध्यांहून उशिरा वेग कमी करूनही ती आवाक्यात राही. इंडियानापोलिसची शर्यत ड्यूझेनबर्ग गाड्यांनी १९२४, १९२५ व १९२७ अशी तीन वेळा जिंकली. १९२५ मध्ये पीटर दे पावलो याची संपूर्ण शर्यतीतील सरासरी ताशी १०१ मैलांवर गेली. त्या शर्यतीत शंभराची मर्यादा प्रथमच ओलांडली गेली.

हेच गतिरोधक १९२१ पासून विकल्या जाऊ लागलेल्या पहिल्या प्रवासी गाडीस बसविण्यात आले. मॉडेल ए या नावाने ती पुढे ओळखली जाऊ लागली. ओळीतील आठ सिलिंडर व चारही चाकांना द्रवीय गतिरोधक या दोन्ही गोष्टी अमेरिकेत विक्रीसाठी बनविलेल्या गाडीत तिने प्रथम आणल्या. यंत्राच्या दृष्टीने ती काळाच्या पुढे होती, परंतु दिसण्यात सामान्य. साडेसहा हजार डॉलर देणाऱ्या ग्राहकाला शेजाऱ्याच्या नजरेत भरेल असे तिच्यात काही आढळत नसे. सुमारे साडेसहाशे गाड्या विकल्या गेल्या. १९२४ मध्ये कारखाना दिवाळखोरीच्या व्यवस्थापनाखाली गेला. यंत्रज्ञांना जे दिसते ते ग्राहकाला दिसतेच असे नाही, हा धडा ड्यूझेनबर्ग बंधूंना महाग पडला. तो गिरविला दुसऱ्याच एका माणसाने.

कॉर्ड व मॉडेल जे : एरट लॉबन कॉर्ड (१८९४–१९७४) हा जुन्या गाड्यांच्या विक्रीतून वर आलेला गृहस्थ होता. डबघाईस आलेली ऑबर्न ही मोटार कंपनी त्याने हाताशी घेऊन नावारूपास आणली होती. १९२६ मध्ये त्याने ड्यूझेनबर्ग कारखाना विकत घेतला आणि फ्रेडरिकला एकच आज्ञा दिली : जगातील सर्वोत्तम मोटारगाडी तयार करा, खर्चाचा विचार करू नका. दोन वर्षांच्या खटपटीनंतर १ डिसेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्क येथील मोटार प्रदर्शनात मॉडेल जे लोकांपुढे आली.

तिच्या एंजिनाची क्षमता सुमारे ६·९ लिटर होती. ओळीतील आठ सिलिंडर, माथ्यावर दोन कॅम दंड आणि प्रत्येक सिलिंडरास चार याप्रमाणे बत्तीस झडपा ही रचना शर्यतीच्या गाडीची होती. रस्त्यावर चालणाऱ्या अमेरिकी गाडीत ती तोवर कोणी आणली नव्हती. लांब भुजादंडास येणारी कंपने शमविण्यासाठी पारा भरलेली दोन नळकांडी त्यास जोडलेली असत. कारखान्याने एंजिनाची शक्ती २६५ अश्वशक्ती सांगितली. त्या वेळी अमेरिकेतील इतर कोणत्याही गाडीची शक्ती याच्या निम्म्याहून फारशी अधिक नव्हती. हा आकडा फुगविलेला असावा असे काही अभ्यासकांचे मत आहे. तथापि अडीच टनांपर्यंत वजन असलेली गाडी ताशी ११५ मैलांच्या (सु. १८५ किमी.) घरात वेग गाठत असे, याविषयी वाद नाही. एंजिनांचे उत्पादन कॉर्डच्याच मालकीच्या लायकोमिंग कारखान्यात होई.

चालकापुढील फलकावर वेगमापकाखेरीज उंचीमापक, वायुदाबमापक व थांबते घड्याळ असे. मौजेची गोष्ट अशी की, गाडी स्वतःच आपली निगा राखी. सुमारे दर ७५ मैलांनी एक यंत्रणा आपोआप सांगाड्याच्या (चासीच्या) सांध्यांना तेल पुरवी व ते चालू असल्याची खूण म्हणून दिवा लागे. ७०० मैल झाले म्हणजे एंजिनातील तेल बदलण्याची आणि १,४०० मैल झाले म्हणजे विद्युत् घटमालेतील पाणी तपासण्याची सूचना देणारे दिवे निराळे होते. पगारी चालकाच्या हलगर्जीपणावर मालकाने ठेवलेला हा यांत्रिक पहारेकरीच म्हणता येईल.

कारखाना ग्राहकाला मुख्यतः चाके, एंजिन व सांगाडा एवढेच विकत असे. त्याची किंमत आरंभी ८,५०० व पुढे ९,५०० डॉलर होती. बॉडी ग्राहकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यावयाची. तीही धरून एकूण खर्च तेरा हजारांपासून वीस हजार डॉलरांपर्यंत जाई. नवी फोर्ड गाडी त्याच सुमारास पाचशे डॉलरांच्या आत मिळत असे. कॅलिफोर्नियातील मर्फी, न्यूयॉर्कमधील रोलस्टन व लबॅरन, पेनसिल्व्हेनियातील डेरम इ. नामवंत बॉडी बांधणाऱ्या कारखान्यांनी या सांगाड्यांवर आपली कला पणास लावली. गॉर्डन ब्यूरिग या तरुण आरेखकाने काढलेले अनेक आराखडेही त्यांत होते. परिणामी एकासारखी दुसरी गाडी क्वचितच आढळे. पूर्वी सरदार-दरकदार पालखी किंवा रथ घडवून घेत त्याच प्रथेची ही यंत्रयुगातील आवृत्ती होती. फोर्डने माणसांच्या गरजा एका साच्यात बसविल्या, तर ड्यूझेनबर्गने साचाच नाकारला. एकाच देशात एकाच पिढीत या दोन्ही गोष्टी घडल्या.

जाहिरातींचे तंत्रही वेगळे होते. चित्रात गाडी दाखवीत नसत. भव्य दिवाणखान्यात किंवा नौकेच्या सुकाणूजवळ उभा असलेला एखादा धनिक आणि खाली ‘हे ड्यूझेनबर्ग चालवितात’ अशा अर्थाची एकच ओळ असे. वस्तूचे गुण सांगण्याऐवजी तिच्या मालकाचे स्थान सांगणाऱ्या पुढील काळातील जाहिरातींचे मूळ येथे दिसते. चित्रपट अभिनेते गॅरी कूपर व क्लार्क गेबल, वृत्तपत्रसम्राट हर्स्ट, स्पेनचा राजा तेरावा आल्फॉन्सो ही ग्राहकांपैकी काही नावे. फादर डिव्हाइन या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकासाठी १९३७ मध्ये एका लांबलचक सांगाड्यावर उंच आसनाची गाडी बांधण्यात आली होती. तिला सिंहासन-गाडी असे नाव पडले. अमेरिकी बोलीत अप्रतिम वस्तूला ‘डूझी’ म्हणतात. तो शब्द ड्यूझेनबर्गवरून आला असा समज रूढ आहे. परंतु हा शब्द कारखाना प्रसिद्धीस येण्याच्या आधीपासून वापरात होता.

मंदी व अखेर : कॉर्डने पाचशे गाड्यांचा पहिला संच योजिला होता. गाडी बाजारात आल्यानंतर वर्षभरातच, ऑक्टोबर १९२९ मध्ये, न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. ज्यांच्याजवळ पैसा शिल्लक होता, त्यांनाही बेकारांच्या रांगांसमोरून एवढी दिमाखाची गाडी नेणे संकोचाचे वाटू लागले. कारखान्याने उत्तर दिले ते अधिक शक्तीच्या गाडीने. १९३२ मध्ये आलेल्या एसजे या प्रकारात एंजिनात जादा दाबाने हवा भरणारी यंत्रणा (सुपरचार्जर) बसविलेली होती व शक्ती ३२० अश्वशक्ती सांगितली जाई. अशा गाड्या चाळीसही झाल्या नाहीत. त्याच वर्षी जुलैमध्ये पेनसिल्व्हेनियातील डोंगराळ रस्त्यावर स्वतः चालवीत असलेली ड्यूझेनबर्ग गाडी घसरून फ्रेडरिक जखमी झाला व त्या महिन्याच्या २६ तारखेस मरण पावला. ऑगस्टने त्याची जागा घेतली. १९३५ मध्ये अ‍ॅब जेंकिन्स याने युटा राज्यातील बॉनव्हिल येथील मिठाच्या मैदानावर ड्यूझेनबर्ग यंत्राची गाडी चोवीस तास चालवून ताशी १३५ मैलांहून अधिक सरासरी राखली. नावलौकिक वाढला, विक्री वाढली नाही. १९३७ मध्ये कॉर्डने आपले मोटार उद्योग विकून टाकले आणि कारखाना बंद झाला. मॉडेल जे प्रकाराच्या गाड्या सुमारे ४८० झाल्या. पाचशेंचा पहिला संच कधीच पुरा झाला नाही.

पॅकार्ड व कॅडिलॅक हे प्रतिस्पर्धी मंदीतून तरले. पॅकार्डने १९३५ मध्ये मध्यम किंमतीची गाडी काढली. कॅडिलॅकच्या पाठीशी जनरल मोटर्सचा अवाढव्य पसारा होता. ड्यूझेनबर्गजवळ यांपैकी काहीच नव्हते. स्वस्त ड्यूझेनबर्ग काढली असती तर ती ड्यूझेनबर्ग राहिली नसती. त्याच पेचात कारखाना संपला.

होळकरांची गाडी : हिंदुस्थानात अमेरिकी मोटारी मोठ्या प्रमाणावर येऊ लागल्या त्या पहिल्या महायुद्धानंतर. उंच सांगाडा, दणकट स्प्रिंगा व सुटे भाग सहज मिळण्याची सोय यांमुळे खडबडीत रस्त्यांवर त्या इंग्रजी गाड्यांहून सरस ठरल्या. मुंबईत फोर्डने १९२६ मध्ये व जनरल मोटर्सने शिवडी येथे १९२८ मध्ये सुटे भाग जोडून गाड्या तयार करण्यास प्रारंभ केला. शिवडीची पहिली गाडी डिसेंबर १९२८ मध्ये, म्हणजे न्यूयॉर्कमध्ये मॉडेल जे लोकांपुढे आली त्याच महिन्यात, बाहेर पडली. मुंबईत जोडल्या जाणाऱ्या या गाड्या वकील, डॉक्टर, व्यापारी व बसमालक यांच्यासाठी होत्या. राजेरजवाडे आपली गाडी थेट परदेशातून मागवीत.

मल्हारराव होळकरांनी स्थापिलेल्या इंदूर संस्थानात दरबाराची व प्रतिष्ठित घराण्यांची मराठी परंपरा विसाव्या शतकातही टिकून होती. मुंबईतील बावला खून प्रकरणानंतर तुकोजीराव होळकर (तिसरे) यांना १९२६ मध्ये पदत्याग करावा लागला आणि त्यांचे पुत्र यशवंतराव (१९०८–६१) गादीवर आले. त्यांचे शिक्षण इंग्लंडमध्ये, शेवटी ऑक्सफर्ड येथे झाले. १९३० मध्ये त्यांना पूर्ण अधिकार मिळाले. कोल्हापूरजवळील कागलच्या घाटगे घराण्यातील संयोगिताराजे या त्यांच्या पत्नी. या तरुण दांपत्याचा कल युरोपातील आधुनिक कलेकडे होता. एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून त्यांनी इंदूर येथे माणिकबाग हा राजवाडा १९३० नंतरच्या काही वर्षांत बांधवून घेतला. राजस्थानी कमानी किंवा इंग्रजी घुमट यांचा लवलेश नसलेली, धातू, काच व सरळ रेषा यांनी सजलेली ही वास्तू त्या काळच्या संस्थानिकांत अपवादात्मक होय. ब्रांकुशी या रूमानियन शिल्पकाराच्या ‘अवकाशातील पक्षी’ या मालिकेतील शिल्पेही यशवंतरावांनी घेतली होती. बूते द मोंवेल या फ्रेंच चित्रकाराने त्यांची दोन चित्रे काढली. एकात ते पाश्चात्त्य रात्रपोषाखात आहेत, तर दुसऱ्यात मराठा सरदाराच्या वेषात. हा दुहेरीपणा त्यांच्या मोटारीतही उतरला आहे.

यशवंतरावांनी निवडलेला सांगाडा एसजे प्रकारचा, लांब बैठकीचा होता. अशा सांगाड्यावर सहसा सात माणसांची बंद गाडी बांधीत. होळकरांनी तो लंडन येथील गर्नी नटिंग या बॉडी बांधणाऱ्या कारखान्याकडे दिला व त्यावर उघडी, दोन आसनांची शर्यतवजा गाडी बांधवून घेतली. लांबच लांब नाक, मागे उतरत गेलेली शेपटी आणि त्या सर्व पसाऱ्यात बसावयास जागा दोघांना, अशी तिची ठेवण होती. ती १९३५-३६ च्या सुमारास तयार झाली. रंग नारिंगी व काळा. भगव्याकडे झुकणारा हा नारिंगी व त्यास जोडलेला काळा हे त्यांच्या इतर मोटारींवरही दिसत. यंत्र अमेरिकी, बॉडी इंग्रजी, रंग होळकरांचा आणि रस्ता माळव्याचा, असा हा संयोग होता. यशवंतराव स्वतः हौशी चालक होते, त्यामुळे चालकामागे रेलून बसण्याची गाडी त्यांना नको होती, हे तिच्या रचनेवरूनच कळते.

गाडीकडे केवळ कौतुकाने पाहणे मात्र पुरेसे नाही. संस्थानांतील प्रजेच्या परिषदा १९२० नंतर संघटित होऊ लागल्या होत्या. अखिल भारतीय संस्थानी प्रजा परिषदेचे पहिले अधिवेशन डिसेंबर १९२७ मध्ये मुंबईत भरले. जबाबदार राज्यपद्धती आणि राजाच्या खाजगी खर्चास मर्यादा या चळवळीच्या मूलभूत मागण्या होत. संस्थानिकांच्या विलासावर टीका करताना परदेशी मोटारी हे टीकाकारांचे हमखास उदाहरण असे, आणि ते अकारण नव्हते. याची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. त्याच इंदूरमध्ये संस्थानाच्या आश्रयाने चालणाऱ्या वनस्पती-उद्योग संस्थेत अ‍ॅल्बर्ट हॉवर्ड यांनी १९३१ पर्यंत शेणखत व पालापाचोळा कुजवून खत करण्याची पद्धत सिद्ध केली. ‘इंदूर पद्धत’ या नावाने ती जगभर गेली. नागपूरच्या कर्नल सी. के. नायडू यांना होळकरांनीच इंदूरास आणले व क्रिकेटचा बलाढ्य संघ उभा केला. ज्या राजवटीने नारिंगी ड्यूझेनबर्ग घेतली तिनेच खताचे खड्डेही पाहिले. या दोहोंपैकी एकच सांगणे अन्यायाचे होईल.

याच दशकात अमेरिकी मोटारीचे अगदी उलट टोक वऱ्हाड-नागपूरकडील लोकांनी पाहिले. गांधीजी १९३६ पासून वर्ध्याजवळील सेगाव (पुढील सेवाग्राम) येथे राहू लागले. जमनालाल बजाज यांच्या एका फोर्ड गाडीस बैल जुंपून ती तेथील ये-जा करण्यासाठी वापरण्यात आली. इंग्रजीत बैलाला ऑक्स म्हणतात, म्हणून या वाहनाला गमतीने ‘ऑक्सफर्ड’ हे नाव मिळाले. यशवंतराव होळकर खऱ्या ऑक्सफर्डचे विद्यार्थी होते, हा निव्वळ योगायोग. परंतु अमेरिकी कारखान्यांतील दोन टोकांची यंत्रे मराठी माणसांच्या हाती पडून किती भिन्न अर्थ धारण करीत होती, हे यावरून ध्यानात येते.

नंतरचा काळ : संयोगिताराजे १९३७ मध्ये, कारखाना बंद पडला त्याच वर्षी, स्वित्झर्लंडमध्ये निवर्तल्या. इंदूर संस्थान १९४८ मध्ये मध्यभारत संघात विलीन झाले. संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये रद्द झाले. या दोन घटनांच्या दरम्यान व नंतर राजघराण्यांच्या असंख्य मोटारी परदेशी संग्राहकांनी विकत घेतल्या. त्यांतील काही तर मातीमोल किंमतीस गेल्या. होळकरांची ड्यूझेनबर्गही अमेरिकेस परत गेली व तेथील संग्राहकांत मानाची मानली जाते. माणिकबागेतील बहुतेक मौल्यवान सामान १९८० मध्ये मोनॅको येथे लिलावात विकले गेले आणि त्या वास्तूत केंद्र सरकारचे अबकारी कर कार्यालय आले. अमेरिकी मोटारीचे आकर्षण मुंबईत नव्या रूपाने टिकले. सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने क्रायस्लरशी करार करून कुर्ला येथे १९४७ पासून डॉज, डी सोटो व प्लिमथ या गाड्या काढल्या. त्यांपैकी कित्येक गाड्या पुढे मुंबईच्या टॅक्सी झाल्या व प्रशस्त अमेरिकी आसनावर बसण्याचा अनुभव सामान्य माणसालाही काही आण्यांत मिळू लागला.

ड्यूझेनबर्ग नावाचे पुनरुज्जीवन करण्याचे प्रयत्न अधूनमधून झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑगस्टने असा विचार केला होता, पण तो कागदावरच राहिला. १९६६ मध्ये त्याच्या मुलाच्या पुढाकाराने इटलीतील गीया कारखान्यात एक नमुना गाडी तयार झाली. तिच्यामागून दुसरी आली नाही. जुन्या गाड्यांचे भाग्य मात्र उजळले. १९४० च्या सुमारास वापरलेली मॉडेल जे काहीशे डॉलरांत मिळे. पुढे जुन्या गाड्यांच्या शौकिनांनी १९५२ मध्ये ऑबर्न, कॉर्ड व ड्यूझेनबर्ग या तिन्ही नावांच्या गाड्यांसाठी एक मंडळ स्थापिले. इंडियाना राज्यातील ऑबर्न येथे त्या कंपनीच्या जुन्या कचेरीत १९७४ मध्ये संग्रहालय उघडण्यात आले. गॅरी कूपरसाठी आखूड सांगाड्यावर बांधलेली गाडी २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील लिलावात २ कोटी २० लक्ष डॉलरांस विकली गेली. तोवर लिलावात कोणत्याही अमेरिकी मोटारीस एवढी किंमत आली नव्हती. मॉडेल जे प्रकाराच्या गाड्यांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक अद्याप सुस्थितीत आहेत. एवढ्या जुन्या गाड्यांत हे प्रमाण विरळा होय. ज्या आवारात या गाड्या तयार झाल्या, त्या इंडियानापोलिसमधील वॉशिंग्टन रस्त्यावरील जागेत पुढे शहराच्या बससेवेचे आगार झाले.